स्काला.जेएस: जेएसकडच्या टेस्ट धावतच नाहीत, तरी एसबीटी 'सक्सेस' म्हणतं

जमाखर्ची
नमस्कार मंडळी. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल बिलांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहितेय. दर, थकबाकीवरचं व्याज, पार्किंगचा आकार, सगळं स्कालात एकदाच लिहिलंय. तोच कोड सर्व्हरला जेव्हीएमवर (जावाच्या आभासी यंत्रावर) चालतो आणि स्काला.जेएसमधून जावास्क्रिप्ट होऊन सभासदांच्या ब्राउझरमध्येही. दोन्हीकडचा आकडा पैशापैशानं जुळायलाच हवा. आमच्याकडे बिलावरून वाद झाला की लोक थेट मोबाइल पुढे करतात.

म्हणून टेस्टही दोन्हीकडे धावायला हव्यात. क्रॉसप्रोजेक्ट आहे, म्हणजे एकाच कोडचे जेव्हीएम आणि जेएस असे दोन बिल्ड; टेस्टसाठी यूटेस्ट ही लायब्ररी. जेव्हीएमकडे सगळं नीट चालतं. जेएसकडे टेस्टची आज्ञा दिली की कंपाइल होतं, तक्रार काही नाही, शेवटी एसबीटी (बिल्ड करणारं साधन) म्हणतं 'सक्सेस', आणि धावलेल्या टेस्ट शून्य! मुद्दाम एका टेस्टमध्ये भलतीच रक्कम घातली, तरी तेच. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) बसवलेलं आहे. यूटेस्टची डिपेंडन्सी कॉमन सेटिंग्जमध्ये %%% (त्या-त्या प्लॅटफॉर्मची आवृत्ती घेणारी खूण) लावून दिली आहे. टेस्टफ्रेमवर्क्सची ओळ जेव्हीएमसेटिंग्जमध्ये आहे, प्रोजेक्ट फक्त जेव्हीएमचा होता तेव्हापासूनची. अजून कुठे बघू?

तिठा
ती शेवटची ओळच बघा. कुठली फ्रेमवर्क वापरायची हे एसबीटीला त्या सेटिंगमधून कळतं, आणि टेस्ट शोधतं ते तिच्याच आधारानं. जेएसकडे यूटेस्टची नोंदच नाही, त्यामुळे तुमच्या टेस्टची ऑब्जेक्ट्स त्याच्या लेखी साधी ऑब्जेक्ट्स. एकही टेस्ट सापडली नाही म्हणजे एकही नापास नाही, म्हणून 'सक्सेस'. ओळ कॉमन सेटिंग्जमध्ये हलवा, बिल्ड रीलोड करा.

%%% बरोबर आहे. तिथे %% असतं तर जेव्हीएमचा जार आला असता आणि लिंक करताना अमुक क्लास सापडत नाही म्हणून अडलं असतं. तो घोटाळा निदान दिसतो तरी.

जमाखर्ची
धावल्या! मनापासून आभार. आणि लगेच एक पडलीसुद्धा. बिलाची रक्कम डबल या (दशांश आकड्यांच्या) प्रकारात आहे. टूस्ट्रिंगनं मजकूर केल्यावर जेव्हीएमवर '१२५०.०' येतं, जेएसवर नुसतं '१२५०'. मला ही टेस्ट सैल करायची नाहीये. पण हा बग कुठे नोंदवायचा?

ओसरी
टेस्ट सैल करू नकाच, तिनं नेमकं काम केलंय. पण हा बग नाही. जावास्क्रिप्टमध्ये साध्या आकड्यांचा एकच प्रकार आहे, त्यामुळे चालत्या प्रोग्रामला १२५० हा इंट (पूर्णांक) की डबल हे ओळखता येत नाही. स्काला.जेएसनं हा फरक जाणूनबुजून तसाच ठेवलाय आणि जेव्हीएमपेक्षा काय वेगळं वागतं त्याच्या यादीत लिहूनही ठेवलाय.

माझं स्पष्ट मत: पैसे डबलमध्ये ठेवूच नका, जेव्हीएमवरसुद्धा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथेही नेमकी ०.३ येत नाही. रक्कम पैशांमध्ये, लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवा. जावास्क्रिप्टच्या आकड्यात ६४ बिटांचा पूर्णांक मावत नाही, म्हणून स्काला.जेएस लाँग स्वतः हाताळतं. इंटपेक्षा मंद, पण उत्तर बिनचूक, आणि सोसायटीच्या बिलाला तो वेग भरपूर झाला. रुपये छापणारं फंक्शन एकच ठेवा आणि त्याच्या टेस्ट दोन्हीकडे चालवा. व्याज कुठल्या पायरीला पूर्ण पैशात आणायचं तेही एकाच जागी ठरवा.

आणखी एक. टेस्ट आपोआप धावतात त्या फास्टऑप्टच्या (विकासासाठी झटपट बनणाऱ्या) कोडवर. सभासदांकडे जाणार फुलऑप्टचा (रिलीजसाठी पूर्ण आटोपशीर केलेला). चुकीच्या टाइपकास्टची तपासणी फास्टऑप्टमध्ये असते, फुलऑप्टमध्ये काढून टाकलेली असते. रिलीजआधी टेस्टसाठी स्कालाजेएसस्टेज फुलऑप्टस्टेज करून एक फेरी घ्या.

जमाखर्ची
लाँगचं पटलं, आजच बदलायला घेते. सर्व्हरकडून दर मागवणाऱ्या टेस्टमध्ये अवेट (उत्तर येईपर्यंत धागा अडवणं) आहे, त्या अजून जेएसकडे नेल्या नाहीत. त्यांचं काय?

तिठा
अवेट तिथे चालणार नाही. जावास्क्रिप्टचा धागा एकच. तोच अडवून ठेवला तर उत्तर घेऊन येणारं काम धावणार कधी? टेस्टमधून फ्यूचरच (पुढे येणाऱ्या उत्तराची नोंद) परत करा, पूर्ण होईपर्यंत यूटेस्ट वाट बघतं. जेव्हीएमवरही तीच टेस्ट चालेल, दोन प्रती नकोत. पुढे पानावरचे घटक तपासायचे झाले तर नुसत्या नोडमध्ये डॉक्युमेंट (ब्राउझरमधलं पान) नसतं. त्यासाठी जेएसडॉमचं (नोडमध्ये पानाची नक्कल करणाऱ्या लायब्ररीचं) एन्व्हायर्नमेंट बिल्डमध्ये वेगळं जोडावं लागतं, आणि एनपीएमनं (नोडच्या पॅकेज व्यवस्थापकानं) जेएसडॉमही बसवावं लागतं. हिशेबाच्या टेस्टना त्याची गरज नाही, त्या साध्या नोडवरच राहू द्या.