मदत हवी आहे: कोंबडी अंड्यांवर बसलीये आणि पिल्लं निघायच्या दिवशीच आम्ही गुहागरला

नमस्कार मंडळी, कोंबड्या पाळणारं कुणी इथे असेल तर प्लीज लवकर सांगा, हातात पाचच दिवस आहेत.

कराड-पाटण रस्त्याला आमचं घर आहे, मागे परसात खुराडं, चार कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळ्या गावठी. कोंबड्या सासूबाईंच्या. मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, लग्नाला दहा वर्षं झाली तरी खुराड्याचं सगळं त्याच बघतात, मी आपली सकाळी दार उघडते नि संध्याकाळी अंडी गोळा करते तेवढंच. तर एप्रिलमध्ये आमची काळी खुडूक झाली, पिसं फुलवून दिवसभर एकाच कोपऱ्यात बसायची, हात नेला की टोचायची. आईंनी २५ एप्रिलला शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत पाटीत भुसा घालून तिला ११ अंड्यांवर बसवलं. एकेक अंडं माझ्या मुलीने (वय ८) हातात दिलं, प्रत्येकावर आईंनी कोळशाने रेघ मारली, पाटीत एक लोखंडाचा खिळा पण ठेवला, वळवाच्या पावसात वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. आणि पुढच्याच आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला दिरांकडे जावं लागलं. जाताना मला म्हणाल्या, तू आहेस ना, मग मला काळजी नाही. तेव्हापासून मलाच काळजी लागलीये.

आता अडचण. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, हंगाम संपल्याशिवाय त्यांना रजा नाही, आणि मुलांनी अजून समुद्र बघितलेला नाही. दोन वर्षं "पुढच्या मे महिन्यात नक्की" चाललंय. यंदा रजा मिळाली, गुहागरला खोली बुक करून पैसे भरले, १३ ते १६ मे. आणि मी काल कॅलेंडरवर २१ दिवस मोजले तर नेमके १६ मेलाच भरतात! आम्ही त्या दिवशी रात्री उशिरा पोचणार. मुलीला दोन्ही हवंय, समुद्र पण आणि अंड्यातून पिल्लू बाहेर येताना पण, काल त्यावरून जेवली नाही.

शेजारच्या काकू दोन वेळा येऊन बघतो म्हणाल्यात पण त्यांची स्वतःची गुरं आहेत, जास्त वेळ त्यांना बसता येणार नाही. तर कोंबडीला तिथेच ठेवून जावं का पाटीसकट काकूंकडे हलवावं?

दुसरं म्हणजे आज काळी दाणे खायला उठली तेव्हा मी मोजली तर अंडी १४! बाकीच्या कोंबड्या तिच्या पाटीत जाऊन घालून आल्यात वाटतं. कोळशाच्या रेघा पुसल्या गेल्यात, कुठली जुनी कुठली नवी काही कळत नाही. काय करू?

तिसरं, भुरी कोंबडी स्वतःची अंडी फोडून खाते, आठवड्यात चार गेली. आणि चौथं, घरात १६ अंडी साठलीत, जायच्या आधी संपवायचीत, काही प्रवासात न्यायचीत, पण आमची ताजी अंडी उकडली की सोलताना अर्धं पांढरं सालीबरोबरच निघून येतं. हे किरकोळ वाटेल पण सांगाच.

प्रतिसाद
ताई, बिनधास्त जा. माझ्या आईकडे चिपळूणजवळ वर्षाला चार-पाच वेळा रवण बसतं (म्हणजे कोंबडी अंडी उबवायला बसते), त्यावरून सांगतो. १८ व्या दिवसानंतर कोंबडी तशीही पाटी सोडत नाही, फार तर दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं उठेल, आणि त्या दिवसांत अंड्यांना माणसाचा हात लागू नये हेच बरं. उलटीपालटी तीच करते. पिल्लाच्या पोटात बलकाचा शेवटचा भाग ओढला गेलेला असतो, त्यावर ते एक-दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणूनच तर आई उरलेली अंडी फुटेपर्यंत पहिल्या पिल्लांना पंखाखाली घेऊन बसून राहते. तेव्हा १६ ला रात्री तुम्ही पोचलात तरी काही बिघडत नाही. हलवू मात्र नका, जागा बदलली की काही कोंबड्या परत बसतच नाहीत.

जाण्याआधी मांजर, मुंगूस, धामण, मुंग्या या चौघांचा बंदोबस्त करा. दाराखालची फट गोणपाटाने बुजवा, खिडकीला जाळी मारा. लाल मुंग्यांचं सगळ्यात जास्त जपा. अंड्याला पहिली चीर गेली की वासाने येतात आणि आतल्या पिल्लाला चावून मारतात. पाटी स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पण पिल्लं निघाली की ती खाली पडतील, त्यामुळे काकूंना सांगून १६ च्या सकाळी पाटी अलगद जमिनीवर घ्या आणि भोवती हळदीची जाड रेघ ओढा.

प्रतिसाद
१४ अंड्यांचं आज रात्रीच बघा, पुढे ढकलू नका. खोलीत पूर्ण अंधार करा, मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर अंड्याचं बोथट टोक टेकवा. तुमचे १३ दिवस झालेत म्हणजे चांगलं अंडं बरंचसं काळं दिसेल आणि बोथट टोकाला हवेची जागा तेवढी उजळ. हललेलं पण दिसतं कधी कधी. जे अंडं आरपार पिवळसर स्वच्छ दिसेल ते एकतर नवीन आहे नाहीतर फळलेलंच नाही, दोन्ही काढून टाका आणि खाऊ नका, इतके दिवस कोंबडीच्या अंगाखाली ३७-३८ अंशांत होती ती. कढीपत्त्याच्या बुडाशी पुरा. वास येणारं असेल तर हळूच उचला, पाटीत फुटलं तर बाकीच्यांना घाण लागते. एकावेळी एकच अंडं बाहेर घ्या आणि ठेवताना पेन्सिलीने खूण करा, कोळसा पुसला जातो. मग त्या खोलीत दुसऱ्या कोंबड्यांना येऊच देऊ नका.

प्रतिसाद
भुरीला चुना कमी पडतोय. कवच पातळ झालं की अंडं चुकून फुटतं, मग चव लागते, आणि ती सवय मोडणं महाकठीण. वाटीभर शिंपल्यांचा चुरा रोज वेगळा ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतःच खातात. गुहागरला जाताय ना, मग किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले पिशवीभर आणा, गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवून मीठ काढा, वाळवून खलबत्त्यात भरड कुटा. तोवर घरातली अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून चुरा करून घाला, टरफलं ओळखू येतील अशी मात्र घालू नका. अंडी घालायची जागा अंधारी करा, गोणपाटाचा पडदा पुरतो, आणि अंडी दिवसातून दोनदा उचला.

प्रतिसाद
सोलायचं सोपं आहे, उकडायला ताजी अंडी घ्यायचीच नाहीत. आठवडाभर जुनं अंडं छान सुटतं. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ टाकून अंडी सोडायची, १० मिनिटांनी थेट माठाच्या गार पाण्यात. पण मे महिन्यात उकडलेली अंडी गाडीत जास्त वेळ नको. पहाटे उकडा आणि कोयनानगरला थांबून नाष्ट्याला खा, पुढे कुंभार्ली घाटात वळणं आहेत, मुलांना गाडी लागते का बघा. बाकी डब्याला ज्वारीचे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा, दोन दिवस खराब होत नाही.
उरलेल्या ताज्या अंड्यांचं फोडून कालवण करा. कांदा-खोबरं भाजून वाटण, तांबडा रस्सा पातळसर, चांगला उकळला की गॅस बारीक करून एकेक अंडं वाटीत फोडून कडेने सोडायचं आणि पाच-सात मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं त्यामुळे ते रश्श्यात पसरत नाही, याला गावठी ताजीच अंडी हवीत.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री साडेदहाला टॉर्च लावून बसलो आम्ही चौघं. १० अंडी काळी, वरती उजेडाची टोपी घातल्यासारखी. एकात तर हालचाल दिसली, मुलगी तोंडावर हात ठेवून बसली होती, आवाज केला तर ते घाबरेल म्हणून. ३ अगदी स्वच्छ निघाली. पण एका अंड्यात मधे ठिपका आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आहेत, म्हणजे ते नवीन आहे पण त्यात जीव धरलाय ना? त्याचं काय करायचं? काळी पिल्लं घेऊन उठली की ते मागेच राहील. मुलगी ते काढू देत नाहीये आणि खरं सांगायचं तर मलाही काढवत नाही.

प्रतिसाद
बरोबर ओळखलंत, चार-पाच दिवसांचं आहे ते. आसपास कुणाकडे नुकतीच बसवलेली खुडूक आहे का बघा, रात्री अंधारात तिच्या अंगाखाली सरकवायचं, तिला कळत पण नाही. नेताना कापसात गुंडाळून, कोमट हातात, हिसका न देता.

(धागाकर्ती)
काकूंचीच तांबडी ५ मेला बसलीये!! आत्ताच देऊन आलो. मुलीने दोन्ही ओंजळीत धरून नेलं, कुंपणापासून काकूंच्या गोठ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.
आईंना फोन केला, त्या म्हणाल्या निघायच्या आधी काळीच्या पाटीत मूठभर राख आणि कडुलिंबाचा पाला घाल, बसलेल्या कोंबडीला पिसवा फार होतात आणि चावून हैराण झाली की ती उठते. हे कुणाला विचारायचं मला सुचलंच नसतं.

प्रतिसाद
राख बरोबर. आणि दुपारी पत्रा तापत असेल तर वर ओली पोती टाकून ठेवा. पाण्याचं भांडं उथळ हवं, आत खडे घालून, नाहीतर नवीन पिल्लं त्यात बुडतात. पहिले दोन-तीन दिवस तांदळाची बारीक कणी, मक्याचा भरडा अगदी बारीक करून, जमलं तर पिल्लांचं तयार खाद्य. आणि लासोटाची लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, मानमोडी या कोंबड्यांच्या रोगासाठी असते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, बाटली एकदम शंभरेक पिल्लांची असते आणि कालवली की लगेच वापरावी लागते, तेव्हा काकूंची पिल्लं आणि गल्लीतली अजून कुणाची असतील तर एकाच दिवशी करा. बर्फात घालून आणा.
हेदवीला गेलात तर बामणघळ भरतीच्या वेळी बघा, कपारीतून पाणी वर उडतं. पण मुलांना कडेला सोडू नका, दगड फार निसरडे आहेत.

(धागाकर्ती, १७ मे)
काल रात्री पावणेअकराला पोचलो. बॅगा गाडीतच ठेवल्या. दाराशी गेल्यावर आतून इतका बारीक चिवचिवाट ऐकू आला की मिस्टरांनी धाकट्याला उचलून घेतलं, तो झोपेत होता तरी त्याला दाखवायचंच म्हणून. काकूंनी सांगितलं पहिलं पिल्लू शुक्रवारी संध्याकाळीच निघालं होतं, एक दिवस आधी. आम्ही गेलो तेव्हा सात होती, काळीच्या छातीखालून एकेक डोकं बाहेर यायचं नि परत आत जायचं. आठव्या अंड्याला भोक पडलेलं होतं. मुलगी तिथेच पोत्यावर बसली, मी तिला सांगितलं हात लावायचा नाही, मदत करायला जाऊन साल ओढलं तर रक्त येतं, त्याला स्वतःलाच यायचं असतं. दीड वाजता ते बाहेर आलं. ओलं, मान टाकून पडलेलं, मला वाटलं गेलं, पण काळीने चोचीने आत ओढून घेतलं आणि सकाळी बाकीच्यांत ओळखू पण येईना. म्हणजे तिला समुद्र पण मिळाला आणि हे पण.
दोन अंडी फुटली नाहीत. कानाला लावून पाहिली, काहीच आवाज नव्हता, आज पुरली.
आईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, वॉकर धरून उभ्या होत्या, म्हणाल्या तुऱ्याची किती आहेत ते मोज.
शिंपले दोन पिशव्या आणलेत, धुवून गच्चीवर वाळत टाकलेत. फोडून कालवण जायच्या आदल्या रात्री केलं होतं, एकही अंडं पसरलं नाही, मिस्टरांनी परत करायला सांगितलंय. दवाखान्यात उद्या सकाळी जाऊन लसीचं विचारते. आणि काकूंच्या तांबडीखालचं ते एक अंडं अजून आहे, मुलगी आज पण संध्याकाळी कुंपण ओलांडून बघून आली.