मदत हवी आहे : एचआयव्हीसोबत जगताना उतारवयात घटणारी ताकद

काकांनी साठी ओलांडलीय. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) न चुकता घेतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे. पण खुर्चीतून उठताना आता दोन्ही हात टेकावे लागतात, जिन्यात मध्येच थांबतात. सगळे म्हणतात, वय झालं. मला ते पटत नाही. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल या एचआयव्हीच्या औषधाने हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करतोय. कॅल्शियम आणि डोल्युटेग्रावीर (हेही एचआयव्हीचं औषध) उपाशीपोटी एकत्र घेतल्यास डोल्युटेग्रावीर नीट शोषलं जात नाही, त्यामुळे दोन्ही जेवणासोबतच देते.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? गुडघे दुखत असताना मांड्यांच्या ताकदीसाठी कोणते व्यायाम झेपले? डोल्युटेग्रावीरमुळे मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, मग डायबेटिसच्या डॉक्टरांनी डोस कमी केला का? प्लीज सविस्तर लिहा, फार काळजी वाटतेय.