शब्दचर्चा: ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ म्हणजे निर्वासित की विस्थापित?

कित्ता:
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. त्यात एकाच परिच्छेदात चार शब्द येतात: रेफ्यूजी, डिस्प्लेस्ड पर्सन (पुढे सगळीकडे नुसतं ‘डीपी’), फरट्रीबेने आणि उमझीडलर. कोश उघडला की चारही वाटा ‘निर्वासित’ या एकाच गावाला जातात. पण लेखात या चौघांचं रेशन वेगळं, राहण्याची जागा वेगळी आणि त्यांची जबाबदारी घेणारी कचेरीही वेगळी आहे. काय करावं?

पागोटे:
रेफ्यूजी = निर्वासित, डीपी = विस्थापित. उरलेले दोन जर्मन शब्द तसेच ठेवून एकेक तळटीप. झालं.

वरवंटा:
झालं नाही. आधी मूळ कागद कोणत्या सालचा ते बघा, कारण मधल्या सहा-सात वर्षांत हे शब्द जवळजवळ उलटेपालटे झाले.

दोस्त राष्ट्रांच्या सेनामुख्यालयाने १९४४-४५मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात ‘रेफ्यूजी’ म्हणजे लढाईमुळे घर सुटलेला, पण स्वतःच्या देशाच्या हद्दीतच असलेला नागरिक. आणि ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ म्हणजे युद्धामुळे देशाच्या हद्दीबाहेर पडलेला, मदतीशिवाय परत जाऊ न शकणारा नागरिक. उदाहरणार्थ, नॉर्मंडीत गावावर बाँब पडले म्हणून शेजारच्या जिल्ह्यात गेलेला फ्रेंच शेतकरी रेफ्यूजी. जर्मन कारखान्यात वेठबिगारीला आणलेली युक्रेनी मुलगी डीपी.

१९५१च्या जिनिव्हा करारापासून रेफ्यूजी होण्यासाठी देशाबाहेर असणं ही पहिलीच अट. देशातल्या देशात घर सुटलेल्याला आज ‘अंतर्गत विस्थापित’ म्हणतात. म्हणजे आजच्या मापाने तो शेतकरी विस्थापित आणि ती मुलगी बहुधा निर्वासित. पागोटे यांची जोडी १९४५च्या कागदाला लावली, तर वाचक दोघांच्याही बाबतीत चुकीचं चित्र डोळ्यांपुढे आणेल.

माजघर:
वरवंटा यांचा मुद्दा बरोबर. आता व्युत्पत्तीकडून बघू. ‘निर्वासित’मध्ये निर् + वस्, तेही प्रयोजक रूप. म्हणजे वस्तीतून ‘बाहेर काढलेला’. संस्कृतात निर्वासन म्हणजे हद्दपारीच, आणि हिंदीत निर्वासित आजही त्या अर्थाने चालतो. आसरा मागणाऱ्याला ते शरणार्थी म्हणतात. मराठीत मात्र १९४७नंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या कॅम्पात आली आणि ‘कुणी काढलं’ हा भाग शब्दातून गळून ‘आसऱ्याला आलेला’ एवढाच उरला.

गंमत अशी, की जर्मन फरट्रीबेनेचा अर्थही अक्षरशः ‘हाकलून लावलेले’ असाच आहे. बांधणीने निर्वासित हा फरट्रीबेनेचा जुळा भाऊ, पण वापराने तो जाऊन बसला रेफ्यूजीच्या घरात. म्हणून फरट्रीबेनेला मी ‘हुसकावलेले’ म्हणेन. सरकारी वाटत नाही, कबूल आहे. पण त्या शब्दात हुसकावणारा कुणीतरी आहे हे कळतं, आणि जर्मनांनी हा शब्द धरून ठेवला तो नेमका त्यासाठीच.

वरवंटा:
आणि सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीच्या राजवटीने टाळला तोही त्यासाठीच. सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड या पूर्वेकडच्या जर्मन वस्तीच्या मुलखांतून साधारण १.२ कोटी जर्मन पश्चिमेकडे आले. त्यांपैकी चाळीस लाखांहून अधिक सोव्हिएत ताब्यातल्या भागात राहिले. तिथे ‘हुसकावलेले’ म्हटलं की कुणी हुसकावलं हा प्रश्न येणार, आणि उत्तरात पोलंड, चेकोस्लोव्हाकिया ही मित्रराष्ट्रं आणि खुद्द सोव्हिएत संघ. म्हणून शब्द काढला उमझीडलर, म्हणजे ‘वस्ती बदललेले’. जणू बदलीच झाली. पन्नाशीच्या दशकात तोही मागे पडला आणि ही माणसं कागदावर निव्वळ नागरिक झाली.

उमझीडलरला ‘पुनर्वसित’ चालेल. आपल्याकडेही तो शब्द सरकारच्या बाजूने बोलतो, त्यामुळे सूर जुळतो.

पश्चिम जर्मनीत उलट शब्दाला पैशाचं वजन होतं. १९५३च्या कायद्याने ओळखपत्रं तीन प्रकारची केली: ‘अ’ मायभूमीतून हुसकावलेल्यांना, ‘ब’ इतर हुसकावलेल्यांना, ‘क’ सोव्हिएत भागातून पळून आलेल्यांना. कर्ज, घर, भरपाई यांतलं काय मिळेल हे त्या अक्षरावर ठरे. भरपाईचा पैसा १९५२च्या ‘लास्टेनआउसग्लाइश’ कायद्यातून येई. ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली त्यांच्यावर, २१ जून १९४८ला तिची जी किंमत होती तिच्या निम्म्याइतका कर. तो एकदम नाही, तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी ३० वर्षांत, १९७९पर्यंत. याला ‘नुकसानभरपाई’ म्हणू नका. शब्दशः ते ‘ओझ्याची बरोबरी’ आहे. ‘भारवाटणी’ कसं वाटतं?

पागोटे:
भारवाटणी झकास. ‘विस्थापित’वर मात्र माझा आग्रह कायम. वि + स्थापित, जागेवरून हललेला. डिस्प्लेस्डला याहून जवळ काही नाही.

बांधावरून:
जवळ आहे, पण मराठी कानाला त्यात धरण ऐकू येतं. विस्थापित म्हटलं की कोयना, नर्मदा, संपादनाची नोटीस, पर्यायी जमीन. या लेखातल्या डीपीची जमीन पाण्याखाली गेलेली नाही. तिच्यावर हद्द फिरली आहे.

शब्दापेक्षा मला वाक्यातली क्रियापदं महत्त्वाची वाटतात. ‘रिपॅट्रिएशन’चं काय करणार? कुठेतरी ‘मायदेशी पाठवणी’ वाचलं आणि डोळ्यांपुढे नवरी मुलगी आली. जे आपणहून गेले त्यांच्यासाठी ‘मायदेशी परतणं’ पुरे. सोव्हिएत नागरिकांना मात्र दोस्त राष्ट्रांमधल्या याल्टाच्या करारानुसार मनाविरुद्धही पाठवलं गेलं, तिथे ‘रवानगी’च हवी. तुरुंगात होते ती. पोलिश लोकांसाठी १९४६च्या शेवटच्या तिमाहीत तिसरीच तऱ्हा होती: परत जाल तर ६० दिवसांचं धान्य-सामान सोबत. इथे ‘शिधा’ हा शब्द फिट बसतो, कारण शिधा कोरडा असतो आणि बांधून देता येतो. छावणीतल्या सामाईक स्वयंपाकघरातून वाढलं जाई त्याला शिधा म्हणू नये.

माजघर:
‘छावणी’ही तपासून घ्या. दुष्काळात चारा छावणी, एरवी लष्कराची छावणी. डीपींना पुष्कळ ठिकाणी जर्मन सैन्याच्या जुन्या बराकीतच ठेवलं होतं, तेव्हा चालून जाईल. उल्हासनगरकर आजही ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात, तेव्हा ‘कॅम्प’ लिहायलाही लाजू नये.

कित्ता:
स्थानिक जर्मन या हुसकावून आलेल्या जर्मनांना ‘रुकझाकडॉइचे’ म्हणत, असं लेखात आहे. ‘पाठपिशवीवाले जर्मन’ फारच शाळकरी वाटतं.

बांधावरून:
‘उपरे’. जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुळंबी. उपऱ्याने कितीही कसलं तरी गावात त्याचा हक्क नाही. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइनच्या खेड्यांत अगदी हेच चाललं होतं. १९४६च्या मार्चमध्ये जर्मनीचा कारभार बघणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाचा कायदा क्रमांक १८ आला आणि घरं वाटणाऱ्या कचेरीला लोकांच्या घरातल्या खोल्या ताब्यात घेऊन वाटण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याच्या वरच्या खोलीत पाच माणसांचं बिऱ्हाड आणि चूल मात्र एकच. भांडणं जमिनीवरून कमी, चुलीच्या वेळेवरून आणि सरपणावरून जास्त.

ज्यांना खोली मिळाली नाही ते निसेन झोपडीत. लेखात हा शब्द आला तर ‘झोपडी’ऐवजी ‘पत्र्याची कमान’ म्हणा. नळकांडं उभं चिरून पालथं घालावं तसा तिचा आकार. पत्र्याला अस्तर नसलं की आतली वाफ त्याला लागून गोठायची आणि शेगडी पेटली की तीच अंथरुणावर ठिबकायची. १९४६-४७चा हिवाळा आठवला की हॅम्बुर्गकर हेच सांगतात.

पागोटे:
उपरे मान्य. माघार घेतो. मग डीपीला शेवटी काय?

वरवंटा:
एक मराठी मुलखातलं उदाहरण घेऊन पाहू. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश लोक होते, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना आधी सायबेरिया-कझाकस्तानात नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ते इथे आले. युद्ध संपलं तेव्हा पूर्व पोलंडमधली त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. हाकललेले होते, देशाबाहेर होते, परतायला घर नव्हतं. तिन्ही व्याख्या एका माणसात. कोल्हापुरात त्यांना निर्वासितच म्हणतात. त्यांच्यानंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर.

तेव्हा सर्वसाधारण वाक्यात ‘निर्वासित’ बिनधास्त वापरा. व्याख्या, कार्ड किंवा रेशन यांचा संबंध असेल तिथे ‘डीपी’ हा दर्जा म्हणून लिहा: ‘तिला डीपीचा दर्जा मिळाला’, ‘जर्मन वंशाच्या लोकांना हा दर्जा नव्हता’. हे दुसरं वाक्य लेखात नसेल तर तळटीपेत घाला. डीपींची जबाबदारी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेतच जर्मन वंशाचे लोक वगळलेले होते. तेवढं कळलं की हुसकावलेल्यांची कचेरी वेगळी का, हे आपोआप उलगडतं.

माजघर:
फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ पूर्ण लिहा. खेड्यात ‘डीपी’ म्हणजे रोहित्र. ‘डीपींना छावणीत हलवलं’ वाचून लोक महावितरणला फोन करतील.

कित्ता:
ठरलं: निर्वासित, डीपी (पहिल्यांदा पूर्ण), हुसकावलेले, पुनर्वसित. शिव्यांच्या जागी उपरे. ‘भारवाटणी’ घेतो आहे, पण कंसात ‘लास्टेनआउसग्लाइश’ ठेवून.