स्कोपच्या रिंगा रेलवर बसत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ४.५ मिमीची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, नळी वाकवून छर्रा भरायची. नेम धरतात आमचे बाबा. वय ६८, कॉलेजात एनसीसीत असल्यापासूनची आवड. आता चष्म्यातून त्यांना पुढची माशी आणि मागची खाच एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून मी ४×३२ चा स्कोप (रायफलवर बसवायची नेम धरायची दुर्बीण) आणला. शेतात मातीच्या उंच बांधाला कागदी टार्गेट लावतो, अंतर १० मीटर. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेचा प्रश्न नाही, तिथे स्कोप चालतच नाही.

रायफलवर ११ मिमीची डव्हटेल आहे, म्हणजे स्कोप पकडायला वर कोरलेली तिरक्या कडांची पट्टी. दुकानातून ११ चं २० करणारा अडॅप्टर (डव्हटेलवर बसणारी, आडव्या खाचांची २० मिमीची रेल) आणि स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा मिळाल्या. अडॅप्टर छान बसला. रिंगा मात्र त्याच्यावर टेकतच नाहीत. पोस्टकार्डाचा तुकडा रिंगेखालून आरपार जातो! पुढची रिंग जोर लावून आवळली, तर अडॅप्टरच्या खाचेच्या कडेवर काळा रंग उडून पांढरा ओरखडा उठला. तशीच वापरून पाहिली. पहिले दहा छर्रे एका जागी पडले, पुढचे हळूहळू डावीकडे सरकत गेले आणि पंचविसाव्यापर्यंत दोन बोटांचा फरक पडला. बाबा म्हणाले, "माझाच हात हलतोय आता." तो हलत नाही हे मला माहीत आहे, आणि तेच मनाला लागलंय.

व्हर्नियरने मापं घेतली. अडॅप्टरची खाच ४.६ मिमी रुंद, रिंगेच्या पोटातली आडवी पट्टी ५.१. पट्टी कानशीने अर्धा मिमी घासू का? की अडॅप्टरच चुकीचा आहे?

उत्तर:
दादा, कानस खाली ठेवा. मापं घेतलीत तिथेच निदान झालं. रेलची वीव्हर आणि पिकाटिनी अशी दोन मापं असतात. तुमचा अडॅप्टर वीव्हर मापाचा आहे आणि रिंगा पिकाटिनी मापाच्या. दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखी, म्हणून दुकानात दोन्ही '२० मिमी' म्हणूनच विकतात. फरक खाचेत असतो. वीव्हरची खाच ४.५७ मिमी, पिकाटिनीची ५.२३. पिकाटिनीत दोन खाचांच्या मध्यांतलं अंतरही १०.०१ मिमी असं ठरलेलं आहे, वीव्हरमध्ये ते बनवणाऱ्यावर असतं. म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनी रेलवर बहुधा बसते, उलटं होत नाही. तुमची रिंग पट्टीवर उभी आहे, रेलवर बसलेलीच नाही.

घासलेली पट्टी दोन्ही बाजूंनी समांतर राहत नाही, आणि झटका तर तीच झेलते.

मी तुमच्या जागी असतो तर अडॅप्टरच काढला असता. थेट ११ मिमीचा एकसंध माउंट घ्या, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच तळावर असलेला, आणि खाली स्टॉप पिन (सरकू न देणारी खिळी) असलेला. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि पिस्टन आदळला की पुढे उसळते, त्यात माउंट मागे सरकतो. रायफलच्या वरच्या बाजूला मागे एखादं छोटं भोक आहे का बघा, पिन त्यातच जाते. भोक नसेल तर पिनेविना चार स्क्रूंचा लांब माउंट घ्या. डव्हटेलचं मापही मोजून जा, काहींची ९.५ मिमी असते.

स्क्रू तिरके-समोरासमोर, थोडे थोडे आवळा. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. ॲलन कीची आखूड बाजू हातात धरा, जास्त जोर लागणारच नाही. आणि स्कोप स्प्रिंग रायफलसाठीचा आहे याची खात्री करा, नाहीतर आतली क्रॉसहेअर (नेमाची फुली) तुटू शकते.

धागाकर्ता:
मनापासून आभार. भोक सापडलं, ग्रीसने बुजलं होतं! एकसंध माउंट बसवला, आता साधा कागदही खालून शिरत नाही. काल बाबांनी ४० छर्रे मारले, शेवटचे पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. ते कार्ड त्यांनी खिशात घालून घरी आणलं.