मदत हवी आहे: जुना पेन्टॅक्स के१००० रोल कॅमेरा ऑनलाइन घेऊ का?

तापीकाठ (अमळनेर):
नमस्कार मंडळी. पेन्टॅक्स के१०००, सोबत ५० मिमी एफ/२ लेन्स, नऊ हजार रुपये. विकणारा कोलकात्याचा. "शटर वाजतं, रोल टाकून पाहिलेला नाही" एवढंच लिहिलंय. तिन्ही फोटो समोरून. पैसे पाठवण्याआधी काय विचारू?

केळीबाग (रावेर):
मॉडेल चांगलं आहे भाऊ. शटर (रोलवर उजेड पडू देणारा पडदा) पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजायला. पण "शटर वाजतं" यावर जाऊ नका. मागचं झाकण उघडून, वेग १ सेकंदावर ठेवून शटर मारतानाचा व्हिडिओ मागा, आवाजासकट. दोन सेकंद लागले किंवा पडदा मध्येच अडकला तर आतलं वंगण सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरा.

१/१००० सेकंदाचा वेग मात्र व्हिडिओत कळत नाही, मोबाइलची फ्रेम हुकते. ते हातात आल्यावरच. लेन्स काढा, मागून उजळ आभाळाकडे बघत (सूर्याकडे नको) शटर मारा. चौकटीची एक बाजू काळी राहिली तर शटरच्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाही, फोटोचीही ती कड काळी येणार. म्हणून परतीची मुदत आधी लेखी घ्या.

तापीकाठ:
आणि लेन्स? काच तर स्वच्छ दिसतेय.

रोलवाला (भुसावळ):
समोरून स्वच्छच दिसते हो. लेन्स काढून, तिच्यावरची छिद्राची रिंग एफ/२ वर (पूर्ण उघडी) ठेवून, पलीकडून टॉर्च मारलेला फोटो मागा. माल दमट हवेतला, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी.

दुसरं, पाकळ्या, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणारी पातळ पानं. रिंग १६ वर (बारीक छिद्र) ठेवून लेन्सच्या मागची बारीक दांडी बोटाने सरकवून सोडायची. पाकळ्या टचकन मिटल्या पाहिजेत. रेंगाळल्या तर त्यांना तेल लागलंय, मग उन्हातले फोटो जास्त उजेड खाऊन बिघडणार. इकडे आणल्यावर हेच जपायचं: मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत लेन्स राहिली की फोकसचं ग्रीस पातळ होऊन पाकळ्यांवर उतरतं.

केळीबाग:
सेलचं झाकण खाली आहे, नाण्याने उघडतं. आत हिरवट थर असेल तर सेल पाझरलाय. एलआर४४ सेल घाला, आयएसओ (रोलची उजेडाची संवेदनशीलता) १००, वेग १/१२५, छिद्र एफ/१६ लावून भर उन्हातल्या हिरव्या गवतावर रोखा, कॅमेऱ्यातून बघताना दिसणारी मीटरची सुई मधोमध यायला हवी. आपल्या काळ्या रानावर रोखू नका, सुई खाली जाईल आणि चांगल्या मीटरला नावं ठेवाल. मीटरला बटण नाही, लेन्सला टोपी नसली की सेल उतरत राहतो.

मागच्या झाकणाच्या खाचेतला (उजेड अडवणारा) फोम चिकट झालेला असणारच, त्यावरून सौदा मोडू नका. आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खाचेत काळी लोकर बसवा.

तापीकाठ:
व्हिडिओ आला, १ सेकंद बरोबर वाटतोय. टॉर्चच्या फोटोला मात्र म्हणतो, लेन्स निघत नाही.

रोलवाला:
लेन्सशेजारची कळ दाबून घड्याळाच्या उलट फिरवली की निघते, त्याला कळवा. तरी नाही म्हणाला तर सोडा. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ बनत होता, दुसरा मिळेल.