दहा महिन्यांचा झाला तरी रांगत नाही, वॉकर आणू का?

ओवीचीआई: मुलगा दहा महिन्यांचा पूर्ण झाला, छान बसतो, धरून उभा राहतो पण रांगायचं नाव नाही, एक पाय दुमडून ढुंगणावर सरकत सरकत थेट चपलांच्या स्टँडपर्यंत जातो आणि चप्पल तोंडात. सासूबाई म्हणतायत वॉकर आणा. काय करू?

सातारकरीण: अगं काही टेन्शन घेऊ नकोस, माझा भाचा पण असाच सरकायचा, रांगलाच नाही, डायरेक्ट चालला.

निवांत_बाबा: WHO च्या अभ्यासात रांगण्याची रेंज साधारण 5 ते साडेतेरा महिने आहे आणि 4 टक्क्यांच्या आसपास मुलं हातगुडघ्यांवर रांगतच नाहीत. एकट्याने चालणं 8 ते साडेसतरा महिने, म्हणजे बघा केवढा फरक. वॉकर मात्र अजिबात नको, त्यात मूल बोटांवर ढकलत पळतं आणि जिन्यावरून पडायची भीती, कॅनडात तर 2004 पासून विक्रीच बंद आहे. सासूबाईंची हौस असेल तर लाकडी पांगुळगाडा आणा, पण तो स्वतः उभा राहून चालायला लागला की, आणि समोर कुणीतरी हवंच.

सातारकरीण: +1 पांगुळगाडा. आणि सारखं कडेवर नको गं, खाली सतरंजीवर सोड, खेळणं जरा लांब ठेव.

मीनल_फिजिओ: सरकताना कायम एकच हात किंवा पाय वापरत असेल, अंग फार ढिलं किंवा कडक वाटत असेल, किंवा आधी जमत होतं ते बंद झालं असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी विचारलं तरी चालेल.

ओवीचीआई: थँक्यू सगळ्यांना! दोन्ही हात वापरतो. चपलांचा स्टँड आधी वर उचलते.