अनुभव धागा : वर्गात दाखवलेला सिनेमा आणि त्यानंतरचं बोलणं

गोव्यातल्या शिक्षक-पालकांनो, सामाजिक प्रश्नावरचा सिनेमा मुलांना दाखवला असेल तर लिहा. सिनेमा संपल्यावर मुलं काय बोलली, ते जरूर सांगा.

शिक्षिका, फोंडा
नववीला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ दाखवला. खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला. सिनेमातल्या जब्या या दलित मुलाचं कुटुंब डुकरामागे धावू लागलं तशी मुलं खदाखदा हसायला लागली. मी दटावलं नाही. सिनेमा संपल्यावर तोच प्रसंग पुन्हा लावला आणि म्हटलं, आता डुकराकडे नको, कडेला उभं राहून मजा बघणाऱ्यांकडे बघा. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, ते आमचेभशेन (आमच्यासारखेच) हांसतात.’ मग राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निसटतं, त्यावरच अर्धी तासिका गेली. अस्पृश्यता नष्ट करणारं राज्यघटनेतलं कलम 17 मुलांना तोंडपाठ होतं. कलम आहे तर जब्याला असं का वागवतात, हा प्रश्न मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आला. बोलायला वेळ राखता येत नसेल तर हा सिनेमा लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

शिक्षक, वाळपई
आम्ही लक्ष्मीकांत शेटगावकरांचा ‘पलतडचो मनिस’ (2009) लावला. एकटा वनरक्षक एका मनोरुग्ण बाईला आसरा देतो आणि गाव त्याच्यावर उठतं. कोकणी सिनेमा, त्यात रान. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एकाने वहीत लिहिलं, ‘बाजारातल्या त्या बाईला आम्ही पिशी (वेडी) म्हणून चिडवतो.’ ते वाचून आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वर्गावर बोलावलं. मुलांनी त्यांना तासभर सोडलं नाही.

पालक, बार्देश
माझी मुलगी पाचवीत. तिच्या शाळेने सगळ्या वर्गांना एकत्र बसवून हुंडाबळीवरची फिल्म दाखवली. जळण्याचा प्रसंग बघून ती रात्री दचकून उठत होती. विषयाला माझा विरोध नाही, पण वय बघा आणि पालकांना आधी कळवा.

मुख्याध्यापक, मडगाव
परवानगीबद्दल बरेचजण विचारतात. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच प्रेक्षक असतील, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये सूट आहे. बाहेरच्यांना बोलावलंत तर ती लागू होत नाही, हक्कधारकाची परवानगी घ्या.

शिक्षिका, फोंडा
बार्देशच्या ताईंचं म्हणणं पटलं. ‘फँड्री’सुद्धा मी आठवीच्या खाली दाखवणार नाही. पाचवी-सहावीसाठी कुणी काय लावलं, ते लिहा ना.